एक गोल, एकवीस मुले

९ ऑक्टोबर २०१७ हा दिवस दिल्लीकरांना आठवत असेल तर तो बहुधा फटाक्यांमुळे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि राजधानी परिसरात १ नोव्हेंबरपर्यंत फटाके विकायला बंदी केली. दिवाळी दहा दिवसांवर आली होती, तेव्हा घरोघर चर्चा त्याचीच. पण त्याच रात्री साडेनऊ वाजून गेल्यावर जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये जो आवाज उठला, तो कोणत्याही फटाक्यापेक्षा मोठा होता.

सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकात भारत विरुद्ध कोलंबिया हा सामना चालू होता. कोलंबिया एका गोलने पुढे. ८२ व्या मिनिटाला भारताला कॉर्नर मिळाला. बंगळुरूच्या संजीव स्टॅलिनने चेंडू गोलसमोर उचलून दिला आणि मणिपूरच्या जीक्सन सिंगने उंच उडी घेऊन तो डोक्याने जाळीत मारला. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला हा भारताचा पहिला गोल! १९५० साली ब्राझीलच्या विश्वचषकात खेळण्याची संधी चालून आली असताना भारताचा संघ गेला नव्हता. त्या चुकलेल्या संधीनंतर तब्बल ६७ वर्षांनी हा योग आला.

आनंद टिकला जेमतेम एक मिनिट. ८३ व्या मिनिटाला कोलंबियाच्या हुआन पेनालोझाने आपला दुसरा गोल केला आणि सामना १-२ असा हातचा गेला. आपण गोल केल्यानंतरची दोन-तीन मिनिटे सर्वांत धोक्याची असतात, हे फुटबॉलच्या प्रत्येक प्रशिक्षकाचे पालुपद. मुलांना ते माहीत नव्हते असे नाही. पण हजारो लोक आपल्या नावाने ओरडत असताना मन जागेवर ठेवायची सवय मात्र त्यांना नव्हती. ही सवय कोणत्या कारखान्यात तयार होते, हाच या साऱ्या कहाणीतला खरा प्रश्न आहे.

यजमानाचे तिकीट

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारताला २०१७ च्या स्पर्धेत जागा मिळाली ती खेळून नव्हे, तर यजमान म्हणून. फिफाने डिसेंबर २०१३ मध्ये या स्पर्धेचे यजमानपद भारताला दिले आणि घरच्या संघाला आपोआप प्रवेश मिळाला. १९८५ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत त्याआधी भारत कधीच पोहोचला नव्हता.

म्हणजे आपल्या पोरांना फुटबॉल येतच नव्हता, असेही नाही. १९७४ साली बँकॉकला झालेल्या आशियाई युवा स्पर्धेत शब्बीर अलीच्या नेतृत्वाखाली भारताच्या तरुण संघाने इराणशी अंतिम सामन्यात २-२ अशी बरोबरी साधली होती आणि विजेतेपद दोघांत वाटून मिळाले होते. २००२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांनी आशियाई स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरी गाठली होती. अधूनमधून असा एखादा दिवा लागायचा. पण एका दिव्याने दुसरा लावायची पद्धत पडली नाही.

२०१७ साठी मात्र तयारी जोरात झाली. मुलांना गोव्यात एकत्र ठेवले गेले, परदेश दौरे झाले. जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम २०१७ च्या सुरुवातीला गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन द मातोस आले. सामने हातात होते सहा-सात महिने. त्यात मातोस यांनी नव्याने मुले तपासली. पंजाबातल्या मिनर्व्हा अकादमीकडून खेळणारा जीक्सन संघात आला तो या दुसऱ्या निवडीत. आधीच्या निवडीत त्याला नाकारण्यात आले होते.

तीन रात्री

६ ऑक्टोबरला अमेरिकेकडून ०-३, ९ ऑक्टोबरला कोलंबियाकडून १-२ आणि १२ ऑक्टोबरला घानाकडून ०-४. भारताचे तिन्ही सामने दिल्लीत झाले. एक गोल केला, नऊ खाल्ले. गटात चौथा क्रमांक. निकालाच्या तक्त्यात एवढेच दिसते.

तक्त्यात न दिसणाऱ्या गोष्टीही होत्या. अमेरिकेविरुद्ध अन्वर अलीने मारलेला फटका आडव्या दांडीवर आदळून परतला आणि त्याच चेंडूवर प्रतिहल्ला करून अमेरिकेने तिसरा गोल केला. १-२ व्हायचा तो ०-३ झाला. कोलंबियाविरुद्ध पूर्वार्ध संपता संपता केरळच्या राहुलचा फटका खांबाला लागला. हाच कोलंबियाचा संघ ऑगस्टमध्ये मेक्सिकोतल्या स्पर्धेत भारताला ०-३ असा हरवून गेला होता. दोन महिन्यांत ०-३ चे १-२ झाले, तेही ८२ व्या मिनिटाला बरोबरी साधून. प्रगती म्हणतात ती हीच.

पण घानासमोर पाय थकले. शेवटचे दोन गोल ८६ आणि ८७ व्या मिनिटाला झाले. तीन रात्रींत तीन तगड्या संघांशी झुंजताना मुलांची ताकद तिसऱ्या रात्री संपली.

असे का झाले, याचे उत्तर समोरच्या संघांत पाहावे. अमेरिकेकडून खेळलेला टिम वेआ तेव्हाच पॅरिसच्या नामांकित क्लबमध्ये घडत होता. पहिला गोल करणारा जोश सार्जंट पुढे जर्मनीत ब्रेमेनकडे गेला. स्पर्धा जिंकणाऱ्या इंग्लंडचा फिल फोडन लहानपणापासून मँचेस्टर सिटीच्या अकादमीत वाढला होता. ही मुले वर्षभर, दर आठवड्याला, आपल्याच वयाच्या आणि आपल्याइतक्याच तयार मुलांशी खेळतात. एका शनिवारी चुकले की पुढच्या शनिवारी सुधारायची संधी. आपली मुले मात्र शिबिरात राहिली. दौऱ्यावर मैत्रीपूर्ण सामने खेळली आणि परत शिबिरात आली. शिबिराने शरीर घडते, शिस्त लागते. पण गोल केल्यावर डोके थंड कसे ठेवायचे, हे फक्त सामना शिकवतो आणि तोही एखादा नव्हे, शेकड्यांनी.

ही मुले आली कुठून?

त्या संघात एकवीस मुले होती. त्यांतली आठ एकट्या मणिपूरची. तीन बंगालची, दोन पंजाबची, दोन कर्नाटकातली. केरळ, मिझोराम, सिक्कीम आणि महाराष्ट्र यांचा एकेक. दोघे परदेशात वाढलेले. दिल्लीचा एकही नाही. राजधानीने मैदान दिले, प्रेक्षक दिले, दिव्यांचा झगमगाट दिला. खेळाडू मात्र दूरच्या गावांनी पाठवले.

कर्णधार अमरजित सिंग आणि जीक्सन हे एकमेकांचे चुलतभाऊ, मणिपूरच्या थौबाल जिल्ह्यातले. वडील आजारी पडल्यावर जीक्सनच्या घरचा भार आईवर आला. इम्फाळच्या बाजारात भाजी विकून तिने संसार ओढला. अमरजितची आई मासे विकायची. फुटबॉल हा त्यांच्या घरात शौक नव्हता. पोराला जग दाखवू शकेल असा तो एकुलता एक रस्ता होता.

महाराष्ट्राचा तो एक म्हणजे कोल्हापूरचा अनिकेत जाधव. वडील रिक्षाचालक. कोल्हापूरला फुटबॉल म्हणजे काय, हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. कुस्तीच्या तालमीतून फुटबॉलचे संघ निघावेत, ही गोष्ट फक्त त्याच गावात घडू जाणे. अशा हवेत वाढलेला अनिकेत पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि तिथून पुढे भारतीय संघात. आणखी एक मराठी नाव त्या यादीत होते. मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला बचावपटू नमित देशपांडे. त्याच्या गटातला पहिलाच सामना होता अमेरिकेशी.

आता यातला विरोधाभास पाहा. जिथे तालीम आहे, पेठ आहे, गावाची ईर्षा आहे, दर हंगामात ठरलेले सामने आहेत, तिथून खेळाडू येतात. जिथे फक्त मोठे स्टेडियम आहे, तिथून येत नाहीत. दिल्लीतही एक परंपरा आहेच. १९६० पासून हवाई दलाच्या पुढाकाराने एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने शाळांसाठी फुटबॉल स्पर्धा भरते. देशभरातल्या आणि परदेशातल्याही शाळा दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर खेळून गेल्या आहेत. पण वर्षातून एकदा भरणारी जत्रा आणि रोजचा बाजार यांत फरक असतो. मूल घडते ते रोजच्या बाजारात.

स्पर्धेनंतर काय झाले?

विश्वचषक संपला. एकूण १३ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी सामने पाहिले, हा या स्पर्धेचा तोवरचा विक्रम ठरला. कोलकात्याच्या अंतिम सामन्यात इंग्लंडने दोन गोलांनी मागे असताना स्पेनला ५-२ असे हरवले. मंडप उतरले. मग त्या एकवीस मुलांचे काय?

महासंघाने एक शहाणपणाचे काम केले. यातली बरीच मुले एकत्र ठेवून ‘इंडियन अ‍ॅरोज’ नावाचा संघ आय-लीगमध्ये उतरवला. समोर अनुभवी, थोराड खेळाडू. पहिल्याच सामन्यात, २९ नोव्हेंबर २०१७ ला गोव्यात, या पोरांनी चेन्नई सिटीला ३-० असे हरवले. त्यातले दोन गोल अनिकेतचे. काही सामने दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवरही झाले. हंगामअखेर संघ दहा संघांत दहावा आला. कोणी म्हणाले, पैसा वाया गेला. पण त्या एका हंगामात मुलांना जे अठरा खरे सामने मिळाले, ते तीन वर्षांच्या शिबिरांनी दिले नव्हते.

याचे फळ पुढे दिसले. अमरजित, जीक्सन, सुरेश वांगजम, अन्वर अली, रहीम अली आणि मिझोरामचा लालेंगमाविया ऊर्फ अपुइया हे सारे पुढे भारताच्या वरिष्ठ संघातून खेळले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मालदीवमध्ये भारताने नेपाळला ३-० असे हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद जिंकले, त्यात एक गोल सुरेशचा होता. त्याच संघाचा गोलरक्षक प्रभसुखन गिल याला २०२१-२२ च्या इंडियन सुपर लीगमध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळाला.

अन्वर अलीची गोष्ट तर प्रत्येक पालकाने वाचावी अशी. २०१९ मध्ये त्याच्या हृदयाच्या स्नायूत दोष असल्याचे तपासणीत निघाले. खेळ थांबला. एकोणीस वर्षांचा मुलगा, हातात दुसरे काही नाही. त्याने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली, वैद्यकीय समित्यांसमोर बाजू मांडली आणि अखेर त्याला खेळण्याची मुभा मिळाली. दिल्ली एफसी या क्लबकडून तो पुन्हा मैदानात आला आणि जून २०२२ मध्ये हाँगकाँगविरुद्ध कोलकात्यात दुसऱ्याच मिनिटाला भारतासाठी गोल करून गेला. प्रत्येकाने असाच धोका पत्करावा, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच की मुलगा जोमाने खेळायला लागला की त्याची हृदयाची तपासणी आधीच करून घ्यावी, मैदानात कोसळण्याची वाट पाहू नये.

काही मुलांची नावे मात्र त्या ऑक्टोबरनंतर फारशी ऐकू आली नाहीत. हेही मान्य करायला हवे. ‘इंडियन अ‍ॅरोज’ २०२२ मध्ये बंद झाला. शिडीची मधली पायरीच काढून घेतली तर खालचा माणूस वर कसा येणार?

हुकलेली एक पायरी

पुढच्या वर्षीची गोष्ट निकालांच्या गर्दीत हरवली. २०१८ मध्ये मलेशियात सोळा वर्षांखालील मुलांची आशियाई स्पर्धा झाली. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस भारताचे प्रशिक्षक होते. भारताने व्हिएतनामला १-० हरवले, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० अशी बरोबरी केली. गटात एकही गोल खाल्ला नाही. सोळा वर्षांनी भारत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तिथे दक्षिण कोरियाशी ०-१ अशी हार झाली. तो एक सामना जिंकला असता तर २०१९ च्या विश्वचषकात भारत यजमान म्हणून नव्हे, स्वतःच्या हिमतीवर गेला असता.

दैव कसे असते पाहा. २०२५ पासून ही विश्वचषक स्पर्धा ४८ संघांची झाली आणि आशियाई स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीतल्या आठही संघांना तिचे दार उघडले. २०१८ च्या मुलांना हा नियम मिळाला असता तर! पण २०२५ च्या आशियाई स्पर्धेला भारत पात्रच ठरला नव्हता. दार उघडले तेव्हा आपण अंगणात नव्हतो. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला इराणला २-१ असे हरवून भारताच्या मुलांनी २०२६ च्या आशियाई स्पर्धेतले स्थान मिळवले. इराणला हरवणे ही लहान गोष्ट नाही.

मुलींचा संघ

मुलींची वाट आणखी खडतर. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात २०२० मध्ये व्हायचा होता, तो करोनामुळे रद्द झाला. २०२२ मध्ये तो पुन्हा भारताला मिळाला. पण स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना महासंघाच्या कारभारातल्या गोंधळामुळे फिफाने महासंघाला निलंबित केले. निलंबन दहा-अकरा दिवसांत उठले म्हणून स्पर्धा वाचली. भुवनेश्वरला भारतीय मुली अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ अशा हरल्या.

या संघाची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. ती कर्णधार झाली म्हणून सरकारने तिच्या गावात तिच्या नावाने रस्ता करायला घेतला. त्या रस्त्यावर मजुरी करत होते ते तिचेच आईवडील! लेकीचा सन्मान होत होता आणि आईवडील रोजंदारीवर खडी टाकत होते. सोळा गोलांचा हिशेब मांडणाऱ्याने हा हिशेबही मांडावा.

आणि तरीही मुली थांबल्या नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केकला उझबेकिस्तानला २-१ असे हरवून त्या आशियाई स्पर्धेला पात्र ठरल्या, कोणाच्या यजमानपदाच्या आधाराने नव्हे.

घरच्यांनी काय पाहावे?

आज गुरुग्राम, नोएडा, द्वारका इथल्या सोसायट्यांच्या मैदानांवर संध्याकाळी रंगीत जर्सी घातलेली मुले दिसतात. महागडे बूट, महिन्याची फी, बाकावर बसलेले पालक. कौतुकाचीच गोष्ट. पण प्रशिक्षकाला विचारण्यासारखा एक साधा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत: “माझे मूल वर्षाला किती खरे सामने खेळणार?” सराव कितीही असो, या प्रश्नाचे उत्तर दोन आकडी नसेल तर ती अकादमी म्हणजे फक्त व्यायामाची जागा. त्यातही वाईट काही नाही, पण मग स्वप्ने त्या बेताने पाहावीत.

दुसरी गोष्ट वयाची. लहान वयोगटात मोठे मूल खेळवून चषक मिळवायचा मोह शाळांना, क्लबांना आणि कधी पालकांनाही होतो. सतरा वर्षांखालील विश्वचषकात फिफा २००९ पासून मनगटाची एमआरआय तपासणी करते. हाडाची वाढ कुठवर झाली ते त्यात दिसते आणि कागदावरची जन्मतारीख तिथे कामाला येत नाही. तोवर खोट्या वयाने जिंकलेले मूल स्वतःच्या बरोबरीच्यांशी खेळायला शिकलेलेच नसते. फसवणूक शेवटी त्याचीच होते.

तिसरी गोष्ट शाळेची. एकवीसपैकी सगळे मोठे खेळाडू झाले नाहीत आणि ते तर देशातून निवडलेले एकवीस होते. म्हणून पुस्तक आणि चेंडू यांत भांडण लावू नये. दोन्ही पिशवीत राहू द्यावेत.

संघाचे यश तीन रात्रींच्या निकालावर मोजायची आपली सवय जुनी आहे. कुमारांचा संघ मात्र शेतासारखा असतो. पेरणीच्या दिवशी कणसे मोजायची नसतात. २०१७ च्या दिल्लीतल्या त्या नऊ गोलांचा विसर पडला तरी चालेल. लक्षात ठेवायचे ते हे की थौबालच्या आणि कोल्हापूरच्या पोरांना पुढे रोजचे सामने मिळाले, तेव्हाच त्यांतले काही भारताचे खेळाडू झाले. ज्यांना मिळाले नाहीत, त्यांच्यात गुण कमी होते असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.